प्रवाशांची अनास्था?

मूर्तिजापूर–यवतमाळ नॅरोगेज मार्गावरील स्थानके 'प्रवाशांच्या अनास्थेमुळे' ओस पडली, हे लेखातील विधान मला पटले नाही. हा ११३ किलोमीटरचा मार्ग मुळात वऱ्हाडातील कापूस मुंबईकडे रवाना करण्यासाठी टाकलेला होता. पुढे तो कापूस ट्रकांवर गेला आणि मार्गाकडे दुर्लक्ष होत गेले. प्रवासी मात्र होते. माझे आजोळ दारव्ह्याकडचे असल्यामुळे बाजाराच्या दिवशी डब्यात पाय ठेवायला जागा नसे हे मी स्वतः पाहिले आहे, आणि लहान स्थानकांवर गार्डच खाली उतरून तिकिटे देत असे. १९९४ मध्ये मँचेस्टरचे वाफेचे इंजिन (तेही १९२१ सालचे!) जाऊन डिझेल आले, तरी या मार्गावरची आमची गाडी 'शकुंतला' रखडतच धावत राहिली, कारण खालचे रूळ जुनेच होते.