भावोजींची सही कशाला?

"घर बाबांचं. बाबा गेले. आई आहे, मी आहे. यात भावोजींची सही कुठून आली?"

गोव्यातल्या डिचोली बाजाराजवळच्या आमच्या कट्ट्यावर, घर विकायला निघालेल्या सुदेशने हे विचारलं तेव्हा चहा नुकताच आला होता. पुंडलिकबाबांनी लगेच तोंड उघडलं. ते मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेत, त्यामुळे सातबारावाल्या पुणेकर पाहुण्यांपासून एक-चौदावाल्या (आमचा सातबारा म्हणजे फॉर्म एक-चौदा) आमच्यापर्यंत सगळ्यांना समजावण्याचा मक्ता त्यांच्याकडे.

"आधी सांग, आई-बाबांच्या लग्नाची नोंद सिव्हिल रजिस्ट्रारकडे आहे ना? आणि लग्नाआधी वेगळा करार केला नव्हता?"

नोंद होती. करार कुठला असणार! त्या काळात कोण नवरा-नवरी नोटरीकडे जाऊन 'तुझं तुझं, माझं माझं' लिहून देतात?

"मग गोव्याच्या कायद्याने नवरा-बायकोचं सगळं सामाईक, अर्धं घर आईचंच. वारसा म्हणून नव्हे, लग्न झाल्यापासूनचं. तुम्ही वाटायचं ते फक्त बाबांचं अर्धं."

सुदेशने हुकमाचा एक्का काढला. बाबांनी मृत्युपत्र करून घर त्याच्या नावावर लिहिलंय. कच्च्या कागदावर नाही, रीतसर नोटरीपुढे.

"लिहू देत. आपल्या हिश्श्यातलं निम्मंच माणसाला मनासारखं देता येतं. बाकीचं निम्मं मुलांचं, ते बापालाही काढून घेता येत नाही." पुंडलिकबाबांनी बिस्किटाच्या पुड्यावर पेनने हिशेब मांडला. घराचे बारा भाग धरले. आईचे सहा. मृत्युपत्राने सुदेशला तीन. उरलेल्या तिनात तीन भावंडं, प्रत्येकाला एक. म्हणजे सुदेशचे चार, दोन्ही बहिणींचा एकेक.

"एकेकच ना? मग कशाला एवढा बाऊ?" नितीन म्हणाला.

"एक असो की अर्धा, सहीशिवाय विकता येत नाही. आणि त्या एकातला अर्धा भावोजींचा. त्यांचंही लग्न गोव्याचंच, करार नाही. वारसाने आलेलंही त्या सामाईकात पडतं. आणि सुदेश, तुझ्या चारातले दोन वहिनीचे आहेत, हे तुला कोणी सांगितलंय का?"

हे ऐकून सुदेश गप्प झाला. मला खात्री आहे, वहिनींनाही हे कोणी सांगितलेलं नाही. इन्कम टॅक्सवाल्यांना मात्र पक्कं माहीत. आयकर कायद्यात खास आपल्यासाठी कलम आहे: पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं-निम्मं धरायचं. रिटर्न भरताना आठवणारी बायको घर विकताना का आठवत नाही, हा माझा प्रश्न होता. तो कोणी मनावर घेतला नाही.

नितीनने समान नागरी कायद्याचा झेंडा बाहेर काढला. देशाने गोव्याकडून शिकावं वगैरे. मी त्याला एवढंच म्हटलं की आपल्याला मिळालेली 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता सगळ्यांना सारखी होती असं म्हणायचं असेल, तर 1880 चा तो हिंदू रूढींचा फर्मानही वाच. बायकोला पंचविशीपर्यंत मूल झालं नाही, तिशीपर्यंत मुलगा झाला नाही, तर नवऱ्याला दुसरी बायको करायची मुभा त्यात आहे. आज ते कोणी वापरत नाही, पण फुशारकी मारणाऱ्याने ठाऊक तरी असू द्यावं. नितीन म्हणाला, "तू ना, दर वेळी खुसपट काढतोस." काढतो.

सुदेशकडे अजून एक कागद होता. थोरलीच्या लग्नात, बाबा असताना, तिने सही करून दिलेली: 'मला माझं मिळालं, घरावर हक्क नाही.' घराघरांत कपाटाच्या तळाशी असा कागद असतो, आणि भाऊ त्याच्या भरवशावर वर्षानुवर्षं निर्धास्त असतात.

"जिवंत माणसाचा वारसा सोडता येत नाही," पुंडलिकबाबा म्हणाले. "बाबा असताना तिच्याकडे सोडायला होतंच काय? आता सोडायचं असेल तर रीतसर दस्त, आणि भावोजींची संमती. परत तेच!"

"एक-चौदात माझं नाव आहे!"

"एक-चौदा मीच लिहीत होतो, मला नको सांगू. नाव असलं म्हणून मालकी सिद्ध होत नाही. उलट पुरावा आला की खोडलं जातं."

यावर सुदेशला राग आला. बहिणी सणाला येतात, ओवाळतात, साडी घेतात, कधी शब्द काढला नाही. त्याचं म्हणणं, त्यांना काही नकोच आहे, कायदाच मध्ये कडमडतोय. मला हे पटलं नाही आणि मी तसं बोललो. काही नको हे त्यांना कोणी विचारलंय का? की त्या बोलल्या नाहीत म्हणून आपणच ठरवलं?

"विचारलं आणि मागितलं तर?"

"तर इन्व्हेंटरी." हा शब्द गोव्यात तापासारखा उच्चारतात, पण गोव्याच्या 2012 च्या वारसा कायद्यात ती वाट सरळ लिहिली आहे. कोर्टापुढे सगळ्या मालमत्तेची यादी द्यायची, किंमत लावायची, आणि एकमत नसेल तर वारसांमध्येच बोली. जास्त बोलेल त्याला घर, बाकीच्यांना त्यांच्या हिश्श्याचे पैसे. "धाकटीच्या नवऱ्याकडे पौंड आहेत," पुंडलिकबाबा थंडपणे म्हणाले. "ती बोली लावू शकते."

इथे आग्नेल बोलला. धाकटीचा नवरा इंग्लंडात स्विंडनला, पोर्तुगीज पासपोर्टवर. "तो आता परदेशी, त्याचा हक्क गेला," असं सुदेशने धरलेलं. आग्नेल हसला. त्याच्या वाड्यावरची निम्मी पोरं त्याच वाटेने गेलीत: 19 डिसेंबर 1961 आधी गोव्यात जन्मलेल्या आजोबांची लिस्बनला नोंद, मग बाबांची, मग आपली. ब्रेक्झिटनंतर इंग्लंडचं दार तेवढं सोपं राहिलं नाही, पण आधी गेले ते गेले.

"पात्रांव, त्याचं भारतीय नागरिकत्व गेलं, जमीन नाही. शेतजमीन त्याला विकत घेता येणार नाही, ते वेगळं. पण लग्नाच्या दिवशी जे सामाईक ठरलं ते पासपोर्टाने सुटत नाही."

सही तिथूनच करता येते. मुखत्यारपत्र करून भारतीय हायकमिशनमध्ये साक्षांकित करायचं, आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायचा. ही मुदत लोक हमखास चुकवतात.

"कोल्हापूरला बाबांचा फ्लॅट आहे," सुदेश हळूच म्हणाला. "तो तरी?"

सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगून टाकलंय: गोव्याच्या रहिवाशाची मालमत्ता देशात कुठेही असो, वारसा गोव्याच्या कायद्यानेच. तोही यादीत.

घरामागे मुंडकार (मालकाच्या जमिनीवर त्याच्या संमतीने घर करून राहणारा) राहतो, हे सगळ्यात शेवटी निघालं. 1975 च्या मुंडकार कायद्याने त्याचं घर आणि भोवतीची ठरावीक जागा विकत मागायचा हक्क त्याचा. गिऱ्हाइकाला हे सांगितलंय का, यावर सुदेश काही बोलला नाही.

पुंडलिकबाबांनी पुडा त्याच्या हातात ठेवला. बाबांचा मृत्यूचा दाखला, सगळ्यांच्या लग्नांच्या नोंदींचे उतारे आणि मृत्युपत्राची प्रत, एवढं घेऊन सोमवारी वकिलाकडे जा म्हणाले.

"आणि बहिणींना?"

"त्यांना आधी. आणि फोनवर नको, घरी जा. वहिनीला घेऊन जा, तिचेही दोन आहेत."