‘ट्रेकवाले गावाला काय देतात?’ या मेसेजला उत्तर

पावसाळा तोंडावर आला की एक मेसेज मुंबईच्या ग्रुपांवर फिरू लागतो. त्याचं म्हणणं असं: ट्रेकवाले घरून डबा आणतात, गावात दमडी खर्च करत नाहीत, कचरा टाकून जातात; त्यांच्यामुळे मिळतं ते काम चारच महिन्यांचं; डोंगर-जंगलाने पोट भरत नाही, बोरिवलीचं जंगलसुद्धा पडीकच, त्या जमिनीवर काहीतरी ‘विकास’ करा. मी मुलुंडचा, दर हिवाळ्यात सह्याद्रीत जातो. म्हणून हे उत्तर.

‘दमडी खर्च करत नाहीत.’ गेल्या डिसेंबरात आम्ही १४ जण रात्रीच्या शेवटच्या कसारा लोकलने निघून अकोले तालुक्यातल्या साम्रद गावी, तिथली सांदण दरी बघायला गेलो. दोन जीपचे ८,००० रुपये. नाश्ता आणि दोन वेळचं पिठलं-भाकरीचं जेवण मिळून ५,८८०. तंबूंचे ४,२००. दरीत वाट दाखवायला आणि दोर लावायला गावातलेच दोघे, त्यांचे ३,०००. एकूण २१,००० च्या वर गेले. जीपचं डिझेल सोडलं तर यातला बहुतेक पैसा त्याच पट्ट्यात राहिला. तेवढेच पैसे आम्ही मॉलमध्ये उडवले असते तर साम्रदला काय मिळालं असतं?

मुळात हा पैसा कुणाला दिसत नाही, कारण भाकरीचं बिल फाटत नाही. अमेरिकेत सरकार मैदानी करमणुकीचा (ट्रेकिंग, कॅम्पिंग वगैरे) हिशेब वेगळा मांडतं. २०२२ मध्ये तो त्यांच्या जीडीपीच्या २.२ टक्के भरला. आपल्याकडे चुलीवरचा धंदा वहीत येत नाही, म्हणून तो नाहीच असं धरून चालतात.

‘चार महिन्यांचं काम, त्याला रोजगार म्हणायचं?’ हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण यात गावचं वर्षच विसरलं जातं. अकोले तालुक्याच्या या भागात शेती म्हणजे पावसावरचं भात. ते झोडून झालं की हाताला काम नाही. मग कुटुंबं पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावकडे मजुरीला निघतात. ट्रेकचा भर नेमका त्याच मोकळ्या महिन्यांत येतो. काजवे बघायला लोक येतात तेही लावणीच्या आधी. बाई घरी राहून पंधरा माणसांचा स्वयंपाक करते आणि पोरांची शाळा मोडत नाही, याची किंमत चार महिन्यांच्या मजुरीपेक्षा जास्त आहे.

कचऱ्याचा आरोप खरा आहे. काजव्यांच्या शनिवारी गाड्यांच्या हेडलाइटखाली झाडं उजळलेली पाहून मला लाज वाटली आहे. पण त्यावर उपाय गर्दीला मर्यादा आणि गावाच्या हातात प्रवेश शुल्क हा आहे. साहसी पर्यटनाच्या आयोजकांनी नोंदणी करावी असं राज्याचं धोरण २०२१ पासून आहे. ते नीट राबवा.

‘बोरिवलीचं जंगल म्हणजे पडीक जमीन.’ पडीक? सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या त्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांतलं पाणी विहार आणि तुळशी तलावांत साठतं आणि ते आजही मुंबई पिते. दहिसर आणि पोईसर नद्या तिथेच उगम पावतात. तिथल्या कान्हेरी लेण्यांना जाणाऱ्यांच्या तिकिटाचे पैसे यापुढे किरकोळ आहेत. ते डोंगर सिमेंटने झाकले तर पावसाचं पाणी थेट खालच्या वस्त्यांत उतरेल, आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझमध्ये एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा काय झालं हे मुंबईकराला सांगावं लागत नाही.

मेसेज लिहिणाऱ्याने एक खरा प्रश्न मात्र विचारलाच नाही. मुंबईत बसून ट्रिप विकणारे काही आयोजक जेवण आणि गाईड दोन्ही शहरातूनच नेतात. तिथे गावाला खरंच काही उरत नाही. त्यामुळे पैसे भरण्याआधी आयोजकाला दोनच गोष्टी विचारा: जेवण कुणाच्या घरी आहे, आणि वाट दाखवणारा कुठल्या गावचा?