माहितीदार क्रमांक ९

आज सकाळी एका मित्राने औषधी वनस्पतींवरचा एक शोधनिबंध पाठवला. हरिश्चंद्रगडाच्या परिसरातील वाड्यांमध्ये केलेल्या सर्वेक्षणावर तो आधारलेला आहे आणि मला तो आवडेल, असे त्याला वाटले होते. शेवटच्या तक्त्यापर्यंत आवडलाही. त्या तक्त्यात माहिती देणाऱ्यांची नोंद आहे: क्रमांक ९, स्त्री, वय सुमारे ७०, निरक्षर. पहिल्या पानावर मात्र चार लेखकांची नावे, पदव्या आणि पत्ते ठळक अक्षरांत छापले आहेत. दिवसभर संताप उतरलेला नाही, म्हणून लिहितो आहे.

नाव गुप्त ठेवणे हा संशोधनाचा शिष्टाचार आहे, हे मला माहीत आहे. पण नाव छापायचे की नाही, हे क्रमांक ९ ला कोणी विचारले होते, असे त्या निबंधात कुठेही म्हटलेले नाही.

त्याच तक्त्यात एक ओळ आहे: कुडा, साल, जुलाबावर. ती वाचून मला काही वर्षांपूर्वीचा त्याच डोंगरातला एक पावसाळी मुक्काम आठवला. आमच्यातल्या एकाचे पोट बिघडले होते, म्हणून ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या महादेव कोळी आजींकडे मी कुड्याची साल मागितली. आजींनी साल काढली नाही. त्या त्याच्याजवळ बसल्या आणि चौकशी करू लागल्या. काल काय खाल्ले, पाणी कुठले प्यायले, रक्त पडते की नुसती आव, अंगात कणकण आहे का, लघवीला केव्हा गेला होता. सकाळपासून लघवीच झालेली नाही, हे कळताच त्या उठल्या आणि म्हणाल्या, "ह्याला साल नको. गाडी बघा आन् दवाखान्यात न्या, सलाईन लागंल."

आमच्या गटातल्या एकाही पदवीधराला लघवीचा, म्हणजे अंगातले पाणी किती आटले आहे याचा, प्रश्न सुचला नव्हता. आजींचे ज्ञान त्या प्रश्नांमध्ये होते. सालीचे नाव तर कोणत्याही पुस्तकात सापडते. मित्र बरा झाल्यावर त्यांनी मला पांढरा कुडा आणि काळा कुडा शेजारी शेजारी दाखवले. काळ्याच्या जोडशेंगा टोकाला चिकटलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या असतात, आणि औषधाला पांढराच लागतो. बाजारात या दोन सालींची भेसळ सर्रास होते, हे वनौषधींच्या व्यवहारातल्या कोणालाही विचारा. साल काढायची तर एकाच अंगाने आणि हातभरच, कारण सगळीकडून सोलले की झाड वाळते. निबंधाने या सगळ्याचे तीन शब्द केले आणि खाली टक्केवारीचा आलेख काढला.

कायदे नाहीत असे नाही. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने गावोगावी लोकजैवविविधता नोंदवहीची, म्हणजे गावातल्या जीवजाती आणि त्यांविषयीचे लोकांचे ज्ञान लिहून ठेवण्याची, सोय केली, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा ज्ञानाच्या बौद्धिक संपदेवर वनवासींचा सामूहिक हक्क मान्य केला. प्रत्यक्षात राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घालेपर्यंत बहुतेक नोंदवह्या कोऱ्याच होत्या, आणि मुदत आल्यावर त्या ज्या वेगाने भरल्या गेल्या त्या वेगाने कोणत्या आजीची चौकशी लिहून होणार होती? त्यावर कडी म्हणजे २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापराला लाभवाटपातून, म्हणजे ज्ञान राखणाऱ्यांना फायद्याचा वाटा देण्यातून, सूट दिली. कुडा "कुटज" म्हणून आयुर्वेदाच्या ग्रंथांत आहेच, तेव्हा डोंगरातल्या माणसांचे देणे लागतच नाही, असे म्हणायला वाट मोकळी झाली.

वेगळे घडू शकते, हे केरळात दिसले आहे. १९८७ साली अगस्त्य पर्वतातल्या मोहिमेत शास्त्रज्ञांना कानी या आदिवासी जमातीचे वाटाडे एक फळ खाऊन न थकता चालताना दिसले; ती वनस्पती आरोग्यपच्चा. तिच्यापासून "जीवनी" हे औषध तयार झाले आणि परवाना शुल्काचा व स्वामित्वधनाचा अर्धा वाटा कानी लोकांसाठी ठरला. त्या व्यवहारातही भांडणे झाली, हे कबूल. तरी निदान देणे आहे, हे तरी कोणीतरी मान्य केले.

निबंधात वनस्पती कुठे सापडतात, तेही नेमके दिले आहे, आणि इथे मला राग नाही, भीती वाटते. नरक्यापासून कर्करोगावरच्या औषधांसाठी कॅम्प्टोथेसिन मिळते, हे माहीत झाल्यावर सह्याद्रीत त्या झाडाची किती चोरटी तोड झाली, हे आपण पाहिले आहे.

गावठी औषधाच्या नावाखाली काहीही घोटून देणारे आहेत आणि त्यांच्यापायी माणसे दगावतात, हेही खरे; सर्पदंशावर झाडपाला लावत बसणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. म्हणूनच मला पुन्हा पुन्हा त्या आजी आठवतात. आपले औषध कुठे संपते आणि दवाखाना कुठे सुरू होतो, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

इतके लिहून झाल्यावर राग थोडा निवळला आहे. निबंध लिहिणाऱ्यांतले निदान एक-दोघे विद्यार्थी असतील, मुदत डोक्यावर असेल, आणि तक्ता असाच करायचा असतो, असे त्यांना कोणीतरी शिकवले असेल. ज्यांनी शिकवले त्यांच्यापैकी पुष्कळ जण माझ्या मित्रयादीत आहेत, म्हणून थेट सांगतो. नोंदी लिहून झाल्या की त्या वाडीत बसून मोठ्याने वाचून दाखवायला लावा. काय छापायचे आणि काय झाकायचे, हे तिथली माणसे ठरवतील, आणि नावाचे ज्याचे तो ठरवील. त्यासाठी विद्यार्थ्याला आणखी एक फेरी मारावी लागेल आणि तिचा प्रवासखर्च मंजूर करून घेणे हे मार्गदर्शकाचे काम आहे. ते जमत नसेल तर विद्यार्थ्याला दुसरा विषय द्यावा.