पदक गहाण टाकणारा जोन्स आणि आपल्या ओळखीचे फ्रिअरसाहेब

दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि तिथले झुलू लोक यांच्यात झालेली रॉर्क्स ड्रिफ्टची लढाई निघाली की दोन सूर ऐकू येतात. एक, दीडशे गोऱ्या शिपायांनी तीन-चार हजार झुलूंना रात्रभर थोपवलं, याला म्हणतात मर्दुमकी! दुसरा, परमुलूख लाटायला गेलेल्यांची कसली आलीय मर्दुमकी? मला दोन्ही अर्धवट वाटतात.

२२ जानेवारी १८७९. नाताळ या ब्रिटिश वसाहतीच्या सीमेवर एका मिशनच्या घराचं लष्कराने इस्पितळ केलेलं. बाहेर मक्याच्या पोत्यांची आणि बिस्किटांच्या खोक्यांची आडभिंत. आत आजारी शिपाई, वर गवती छपराने पेट घेतलेला. एका खोलीत रॉबर्ट जोन्स आणि विल्यम जोन्स हे दोन साधे शिपाई संगीन रोखून उभे. सातांपैकी सहा रुग्ण त्यांनी बाहेर काढले. सातवा सार्जंट मॅक्सफिल्ड तापात बरळत होता. दोघांनी त्याच्या अंगावर कपडे चढवले, पण तो जागचा हलेना. रॉबर्ट त्याला उचलायला पुन्हा आत गेला, तेव्हा झुलू त्याला पलंगावरच भोसकत होते.

हे शौर्य नाही, असं मी तरी म्हणणार नाही. आणि समोरचे झुलू? भाले आणि जुन्यापुराण्या बंदुका घेऊन ते मार्टिनी-हेन्री रायफलींवर पुन्हापुन्हा चालून गेले. साडेतीनशेच्या वर पडले. जे जखमी होऊन मागे राहिले, त्यांना दुसऱ्या दिवशी ठार मारलं. त्यांना कोण पदक देणार?

या एका लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं शौर्याचं सर्वोच्च पदक, अकरा जणांना दिलं गेलं. शिपाई शूर होतेच, पण त्याच दिवशी जवळच इसांडलवानाला ब्रिटिश फौजेची तेराशेवर माणसं कापली गेली होती. लंडनच्या वर्तमानपत्रांना त्या नामुष्कीपेक्षा चांगली बातमी हवीच होती. माझं मत असं, की अकरातली काही पदकं त्या नामुष्कीवर पांघरूण म्हणून आली.

पदकासोबत शिपायाला वर्षाला दहा पौंड. विल्यम संधिवाताने सैन्यातून सुटला. काम मिळेना, तेव्हा लढाईची गोष्ट रंगमंचावर सांगून पोट भरायचा. शेवटी पदकही गहाण पडलं. १९१३ मध्ये तो मँचेस्टरला वारला आणि गोरगरिबांच्या सामाईक कबरीत गेला. रॉबर्ट १८९८ मध्येच बंदुकीच्या गोळीने गेला. चौकशीत आत्महत्या ठरली. स्वित्झर्लंडचा शीस हाही त्या अकरांतला. तो केपटाऊनच्या रस्त्यावर उपाशी सापडला. इंग्लंडला पाठवताना बोटीवरच गेला, वय अठ्ठावीस.

आणि हे युद्ध लादलं कुणी? सर बार्टल फ्रिअर. हो, तेच. साताऱ्याचे रेसिडेंट, पुढे मुंबईचे गव्हर्नर, ज्यांच्या काळात किल्ल्याची तटबंदी पाडून आजच्या फोर्टला मोकळी हवा मिळाली. आपल्याकडे त्यांचं नाव बरं घेतलं जातं. दक्षिण आफ्रिकेत हाय कमिशनर झाल्यावर याच गृहस्थांनी लंडनची संमती नसताना झुलू राजा सेटश्वायोला डिसेंबर १८७८ मध्ये निर्वाणीचा खलिता धाडला, तुझी फौज मोडीत काढ म्हणून. कुठला राजा हे ऐकेल? नकार यावा म्हणूनच तो खलिता होता, हे शेंबडं पोरही सांगेल.

१८८० मध्ये फ्रिअरना परत बोलावलं, एवढीच काय ती शिक्षा. विल्यम जोन्स पोटासाठी वणवण करत होता त्याच काळात, १८८८ मध्ये, लंडनला थेम्सकाठी फ्रिअरसाहेबांचा पुतळा उभा राहिला. अनावरणाला खुद्द युवराज आले होते.