टीव्ही संगणकामुळे जळत नाही

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला सात-आठ जणांनी पाठवला. त्याचा मजकूर थोडक्यात असा: "संगणक किंवा लॅपटॉप टीव्हीला कधीही जोडू नका. टीव्ही त्यासाठी बनलेलाच नसतो. पॅनल जळतो, अक्षरं फुटतात, मुलांचे डोळे जातात, वीजबिल दुप्पट होतं. जोडायचाच असेल तर सोन्याचा मुलामा असलेली भारी केबल घ्या. स्क्रीन फुटलेला लॅपटॉप सरळ भंगारात द्या." खाली नेहमीचं, दहा जणांना पाठवा.

जळगाव जिल्ह्यात माझं संगणक दुरुस्तीचं काम चालतं. मेसेज वाचून एका आबांनी फोनवर विचारलं, "टीव्ही जळी जाई ना रे भाऊ?" त्यांची नात बारावीला आहे आणि तिच्या लॅपटॉपचा स्क्रीन फुटलेला आहे. नवा मॉनिटर घ्यायचा म्हणजे केळीचे पैसे हाती येईपर्यंत थांबायचं. म्हणून हे सविस्तर लिहितो.

टीव्ही संगणकासाठी बनलेला नसतो, हे मुळातच चूक. १९८२ साली आलेले झेडएक्स स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४ हे घरगुती संगणक घरच्या टीव्हीलाच जोडायचे होते. आजच्या टीव्हीच्या मागे जे एचडीएमआय पोर्ट, म्हणजे चित्र-आवाजाची केबल खोचायची जागा असते, तेच बहुतेक मॉनिटरला आणि लॅपटॉपलाही असतं. टीव्हीला केबलमधून चित्राचे आकडे येतात. ते सेट-टॉप बॉक्समधून आले की संगणकातून, याने पॅनलला काही फरक पडत नाही.

पण "पॅनल जळतो" ही भीती लोकांनी हवेतून काढलेली नाही. संगणक जोडल्यावर टीव्हीचं पोर्ट गेलेलं मी स्वतः पाहिलं आहे, आणि दरवेळी कारण एकच निघालं: अर्थिंग.

पारोळ्याकडच्या एका घरी गेलो होतो. मे महिना, दारावर ओले पडदे, कूलर सुरू. टीव्हीचं एचडीएमआय पोर्ट मेलेलं. मी टेस्टर काढून संगणकाच्या कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला लावला, तर लख्ख पेटला. वायर मागे मागे शोधत गेलो तर एक्स्टेंशन बोर्ड दोन पिनांचा, आणि त्यात बसावी म्हणून संगणकाच्या प्लगची तिसरी, जाड पिन पक्कडीने मोडलेली.

आता त्यात होतं काय? संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून कॅबिनेटला जोडलेले दोन छोटे कपॅसिटर असतात. त्यांचं काम विजेतला गोंगाट अर्थमध्ये सोडायचं. अर्थच नसेल तर २३० व्होल्टच्या निम्मे, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्ट कॅबिनेटवर येऊन बसतात. करंट अगदी थोडा, म्हणून हाताला नुसत्या मुंग्या येतात. पण टीव्हीला गच्चीवरच्या डिशची किंवा केबलवाल्याची वायर लागलेली असते, आणि ती कुठेतरी लोखंडातून, भिंतीतून जमिनीला टेकलेली असते. अशा वेळी चालू संगणकाची केबल टीव्हीत खोचली की तो करंट पोर्टमधल्या नाजूक चिपमधून वाट काढतो.

आपल्याकडे यात मातीची भर पडते. काळी माती उन्हाळ्यात सुकते, भेगाळते आणि अर्थिंगच्या सळईपासून सुटते. पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग वैशाखात नावालाच उरतं. जुनी माणसं अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा टाकायची आणि उन्हाळ्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायची. ते अगदी बरोबर होतं. वायरमनला बोलावून तपासून घ्या. संगणक आणि टीव्ही एकाच तीन पिनांच्या बोर्डावर लावा. दोन्ही बंद करून केबल जोडा आणि मगच चालू करा. ढग गडगडायला लागले की प्लग काढा, डिशची वायरही काढा. भारी केबलचे पैसे वाचवून इथे खर्च केले तर टीव्हीच काय, माणूसही सुरक्षित राहील.

पॅनलवर डाग पडतो, हे मात्र ओएलईडी टीव्हीपुरतं खरं आहे. तिथे एकच खिडकी, तीच खालची पट्टी रोज तासन्‌तास राहिली तर कायमचा ठसा उमटू शकतो. खालची पट्टी आपोआप लपेल अशी सेटिंग ठेवा. पण आपल्याकडे घरोघरी असलेले साधे एलईडी टीव्ही एलसीडी पॅनलचेच असतात, त्यांच्यात ही भीती नाही.

अक्षरं फुटतात? फुटतात, पण ती दुरुस्त होतात. आधी टीव्हीचं रिझोल्यूशन बघा. बऱ्याच ३२ इंची एचडी रेडी टीव्हीवर आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके असतात. त्यावर व्हिडिओ, वर्ग, मोठ्या अक्षरातल्या नोट्स ठीक दिसतात, पण एक्सेलचं बारीक काम करू नका, तिथे मेसेजवाल्याचं म्हणणं मला मान्य आहे. फुल एचडीवर १९२० गुणिले १०८० ठिपके असतात, आणि फोर-केवर त्याच्या चौपट. ४३ इंची फोर-के टीव्हीवर एका इंचात साधारण १०० ठिपके बसतात. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर ९२. म्हणजे असा टीव्ही नीट लावला तर मॉनिटरपेक्षा कमी पडत नाही.

नीट लावणं म्हणजे काय? संगणकात टीव्हीचं मूळ रिझोल्यूशन निवडायचं. त्यानंतरही विंडोजची खालची पट्टी अर्धी कापलेली दिसली तर तो ओव्हरस्कॅन. जुन्या डबा टीव्हीच्या काळापासून चित्राच्या कडा कापायची ही सवय चालत आली आहे. टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा अशाच नावाचा पर्याय असतो, तो निवडला की कडा परत येतात आणि अक्षरंही एकदम सुधारतात. शार्पनेस कमी करा. अनेक टीव्हींमध्ये त्या एचडीएमआय इनपुटला 'पीसी' असं नाव देता येतं, ते दिलं की चित्र सजवण्याचे उद्योग टीव्ही थांबवतो. निळ्यावर लाल अक्षरांच्या कडा विस्कटणं आणि माउस मागून रेंगाळत येणं, ही दोन्ही दुखणी बहुतेकदा तिथेच बरी होतात.

केबलचं म्हणाल तर एचडीएमआयचा सिग्नल डिजिटल आहे. तो पोचला तर पूर्ण पोचतो. केबल खराब असेल तर चित्र जातं-येतं, ठिपके चमकतात, पण रंग "थोडे फिके" वगैरे होत नाहीत. दोन-तीन मीटरची साधी, चांगली हाय-स्पीड केबल पुरते. फोर-के सेकंदाला ६० चित्रांनी हवं असेल तर सेकंदाला १८ गिगाबिट वाहून नेणारी केबल घ्या. जुन्या लॅपटॉपचं पोर्ट एचडीएमआय १.४ चं असेल तर फोर-के ३० चित्रांनीच जाईल. तिथे केबल बदलून उपयोग नाही, फुल एचडीवर आणा. संगणकाला फक्त व्हीजीए, म्हणजे मॉनिटरचं जुन्या पद्धतीचं पोर्ट असेल तर 'व्हीजीए टू एचडीएमआय' कन्व्हर्टर मागा. उलट दिशेचा चालत नाही, आणि दुकानात हीच गफलत रोज होते. व्हीजीएमधून आवाज जात नाही, त्याची वायर वेगळी.

डोळ्यांची काळजी मला पटते, पण कारण नाही पटत. जुन्या काचेच्या डब्यात क्ष-किरण तयार व्हायचे, म्हणून त्याच्या काचेत शिसं असायचं. एलसीडीत ते तयारच होत नाहीत. डोळे शिणतात ते जवळून, पापणी न लवता बघण्याने. टीव्ही चार-पाच फुटांवर ठेवला आणि विंडोजचं स्केलिंग, म्हणजे अक्षरांचा आणि चिन्हांचा आकार, १५० टक्क्यांवर नेलं, तर १५ इंची लॅपटॉपवर वाकून बसण्यापेक्षा बरंच बरं. मधूनमधून उठून लांब बघू द्या.

वीजबिल: ४३ इंची टीव्ही ८० वॉट धरला तर रोज पाच तासांचे महिन्याला १२ युनिट. २५ वॉटच्या मॉनिटरचे ४ च्या आत. फरक आठ युनिटांचा. त्याच खोलीतला कूलर याहून कितीतरी जास्त खातो.

राहिला फुटलेला लॅपटॉप. भंगारात देऊ नका. आबांच्या घरी आधी वायरमन आला, मग मी गेलो. केबल लावली तशी टीव्हीवर चित्र आलं. ते नसतं आलं तर विंडोजचं बटण आणि पी दाबून 'डुप्लिकेट' निवडायचं होतं. आवाज लॅपटॉपमधूनच येत होता, तो स्पीकरच्या चिन्हावर जाऊन टीव्हीकडे वळवला. नातीने पहिल्यांदा रसायनशास्त्राची पीडीएफ उघडली आणि मागे सरकून पलंगावर बसली.