ससा शांत बसलाय, म्हणून तो मजेत आहे असं नाही

सध्या एक सल्ला रील्समधून आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवरून जोरात फिरतोय. ससा, गिनीपिग, हॅमस्टर, कासव, पोपट, जे काही पाळलं असेल ते पिंजऱ्यात कोंडून ठेवू नका, कुत्र्यांसारखं रोज बागेत न्या. छोटा हार्नेस, म्हणजे छाती-पोटाभोवती बांधायचा पट्टा मिळतो, तो घाला. मोकळी कुत्री बघून आधी बिचकतील, मग सवय होईल, ‘सोशल’ होतील. सोबत हिरवळीवर बसलेला पांढराशुभ्र ससा, मागे धावणारा लॅब्राडॉर आणि खाली कमेंटमध्ये बदामांचा पाऊस.

यातला एक भाग बरोबर आहे, तो आधीच मान्य करते. दोन फुटी पिंजऱ्यात आयुष्य काढायला लावणं हा सशावर अन्यायच आहे. त्याला रोज काही तास पळायला, उड्या मारायला जागा हवी. पण ती जागा म्हणजे शिवाजी पार्क किंवा तळजाईची टेकडी नव्हे. माझ्या घरी ससे आहेत आणि कुत्रीही आहे, तेव्हा हे कुत्र्यांच्या विरोधात लिहिलंय असं कोणी समजू नये.

‘बघा, किती शांत बसलाय!’

सगळा सल्ला या एका वाक्यावर उभा आहे, म्हणून इथे जरा थांबते.

ससा हा शिकार होणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. दिसत नाही ते अगदी नाकासमोरचं. कोण येतंय हे वेळेत कळावं, यासाठीच ही रचना आहे. आणि कळल्यावर तो दर वेळी लगेच पळत नाही. बरेचदा आधी जागच्या जागी थिजतो, कारण हलणारी गोष्ट शिकाऱ्याच्या नजरेत पटकन भरते. कान पाठीला चिकटलेले, डोळे विस्फारलेले, अंग जमिनीला दाबलेलं, श्वास भराभर, एरवी सतत फुरफुरणारं नाक अचानक थांबलेलं. मोबाईलच्या कॅमेऱ्यात हे सगळं ‘शांत’ दिसतं.

मजेत असलेला ससा वेगळाच दिसतो. तो मागचे पाय ताणून आडवा पसरतो, मधूनच हवेत उडी मारून अंगाला पीळ देतो, दिसेल त्या वस्तूला हनुवटी घासत फिरतो. मी पाहिलेल्या बागेतल्या व्हिडिओंमध्ये यातलं काही नव्हतं.

आता ‘सवय होईल’ याबद्दल. भीती ओसरायची तर किती जवळ जायचं आणि कधी मागे फिरायचं हे त्या जनावराला स्वतः ठरवता यायला हवं. माझे ससे कुत्रीला बिचकेनासे झाले ते जाळीच्या पलीकडून, लपायला खोका जवळ असताना, आणि काही महिन्यांनी. बागेत हार्नेसला बांधलेल्या सशाला ना मागे सरता येतं, ना कुठे शिरता येतं. वर समोर रोज नवं कुत्रं. अशाने भीती ओसरत नाही, साठत जाते.

तिचा परिणाम दिसतो घरी आल्यावर. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं. ताण आला की ते मंदावतं, ससा खाणं सोडतो, लेंड्या बारीक होतात, मग बंद होतात. सशाला उलटी करता येत नाही. दहा-बारा तास त्याने तोंडात काही घेतलं नाही तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठायचा असतो. मालक मात्र सांगत असतो की काल तर बागेत मस्त होता. कुत्र्याचा दातही न लागता, नुसत्या धसक्याने ससा दगावल्याचे प्रकार पशुवैद्यांना नवे नाहीत.

‘हार्नेस आहे ना!’

हार्नेसने ससा तुमच्यापासून लांब जात नाही. कुत्रं सशाजवळ येऊ नये, याची काहीच सोय त्यात नाही. मोकळा ससा नागमोडी पळतो आणि बिळात शिरतो. त्याच्याकडे बचावाचे एवढेच दोन उपाय, आणि दोन्ही आपण हार्नेस घालून काढून घेतो.

दुसरा धोका हाडांचा. सशाचा सांगाडा त्याच्या वजनाच्या साधारण ७-८ टक्के असतो, मांजराचा १२-१३. हाडं हलकी आणि मागच्या पायांचे स्नायू जबरदस्त. घाबरून त्याने जीव खाऊन झटका मारला आणि अंग पट्ट्यात अडकलेलं असलं, तर कंबरेशी मणका मोडू शकतो. कुत्रं वीस फुटांवर असताना हे घडू शकतं.

‘आमचं कुत्रं काहीच करत नाही’

माणसांना करत नसेल. पाठलाग हा मात्र कुत्र्याच्या रागाचा भाग नाही, कामाचा आहे. टक लावणं, दबकणं, धावणं, धरणं, झटकणं अशी ती साखळी असते, आणि माणसाने वेगवेगळ्या जातींमध्ये तिच्या वेगवेगळ्या कड्या मुद्दाम बळकट केल्या आहेत. आपल्याकडची कारवानी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या ससे धरण्यासाठीच जोपासली गेली. लांब पाय, खोल छाती, नजरेवर चालणारी शिकार. टेरियर घडवले गेले उंदीर-घुशी मारायला. आणि फ्लॅटमध्ये हौसेने पाळलं जाणारं लाडकं बीगल? इंग्लंडमध्ये त्यांचे कळप सशांच्याच मागावर सोडत असत. त्या बीगलला आयुष्यात कोणी शिकार शिकवलेली नसते. ससा उडी मारून पळाला एवढं त्याला पुरतं.

शिवाय मारायचा हेतू असायलाच हवा असं नाही. तीस किलोच्या कुत्र्याने खेळण्यासाठी पंजा टाकला किंवा खेळण्यातलं अस्वल झटकावं तसं एकदा झटकलं, की दीड किलोच्या सशाचं किंवा किलोभराच्या गिनीपिगचं काम संपलं. माझी कुत्री घरातल्या सशांशेजारी झोपते. तरीही आम्ही कोणी घरात नसलो की मधलं दार बंद असतं.

‘चूक कुत्रेवाल्याची, त्याने पट्टा बांधावा’

बांधावाच. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ पाळीव जनावराबाबत निष्काळजीपणा करणाऱ्याला शिक्षा सांगतं. पण ते कलम माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होण्याबद्दल आहे, तुमच्या सशाबद्दल नाही. आणि भांडण जिंकलात तरी ससा परत येत नाही.

मुळात आपल्या बागांत, मैदानांवर मोकळी धावणारी कितीतरी कुत्री कोणाच्याच मालकीची नसतात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांची मूळ पद्धतच अशी, की भटक्या कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण करून त्याला जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. म्हणजे ते मैदान त्याचा इलाका. त्यात एक अनोळखी वासाचा, उड्या मारणारा जीव आला की पाच-सहा जणांची टोळी उठते. पट्टा कोणाला बांधायला सांगणार? ज्या उद्यानांत कुत्री नाहीत, तिथे बहुतेक वेळा दारावरच ‘पाळीव प्राणी आणू नयेत’ अशी पाटी असते. ती तुमच्या सशालाही लागू आहे.

‘परदेशात नेतात की’ हेही ऐकू येतं. परदेशातल्या अनेक डॉग पार्कच्या नियमांमध्येच लिहिलेलं असतं की कुत्र्यांखेरीज दुसरा प्राणी आत आणू नये.

‘कुत्रं आलंच तर पटकन उचलून घेऊ’

हे वाचून मला सशापेक्षा तुमची काळजी वाटते. डोक्यावर धरलेला, तडफडणारा ससा कुत्र्याला आणखी चेतवतो. ते उडी मारतं, आणि पंजे नि दात लागतात तुमच्या हाताला, पोटाला, शेजारी लहान मूल असेल तर त्याच्या चेहऱ्याला. वर घाबरलेला ससा मागच्या पायांनी ओरबाडून हातातून निसटतो तो खाली दगडावर.

दात लागलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. कातडी फाटून रक्त आलं असेल तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. कुत्रं ओळखीचं आहे की नाही हा वाद नंतर घाला.

‘काही झालंच तर डॉक्टर आहेत’

कुत्र्या-मांजरांचे आहेत. ससा, गिनीपिग यांची नीट माहिती असलेले पशुवैद्य मोठ्या शहरांतही मोजकेच, गावात तर विचारूच नका. आणि इथे फरक जिवावर बेततो. चाव्याच्या जखमेवर कुत्र्याला सर्रास दिली जाणारी ॲमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकची गोळी सशाच्या किंवा गिनीपिगच्या पोटात गेली, तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून तो दगावू शकतो. बागेतून गोचीड, पिसवा आल्या म्हणून घरातलं कुत्र्याचं फिप्रोनिलचं औषध सशाच्या मानेवर टाकणारे आहेत. ते सशासाठी विषारी आहे. दातांची खूण केसांखाली टाचणीएवढी दिसते, आत मात्र सगळं चिरडलेलं असू शकतं. वरून ठीक दिसतोय म्हणून थांबू नका.

उरलेले दावे भराभर. ताजं गवत? त्यावर कुत्र्यांची लघवी असते, कधी फवारणी, आणि कडेला घाणेरी नि कण्हेर, दोन्ही विषारी. कोवळं ऊन? तिशीच्या पुढे पारा गेला की सशाला आणि गिनीपिगला उष्माघाताचा धोका असतो, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये ‘कोवळं’ ऊन आठलाच संपतं. हॅमस्टर तर निशाचर. त्याला सकाळी सातला बागेत नेणं म्हणजे भर झोपेतून उचलून नेणं.

कासव आणि पोपट यांची गोष्टच वेगळी. पाठीवर चांदण्या असलेलं देशी कासव आणि आपला हिरवा पोपट हे दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते घरात पाळणं हाच गुन्हा आहे. रीलवर टाकणारे स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच जमा करताहेत.

मग करायचं काय? एक खोली, निदान खोलीचा एक कोपरा, सकाळ-संध्याकाळ मोकळा करा. ससा त्याच वेळी सर्वांत चळवळ्या असतो. वायरी उचलून ठेवा, गुळगुळीत फरशीवर सतरंजी टाका म्हणजे पाय घसरणार नाहीत, दोन तोंडं असलेला पुठ्ठ्याचा खोका ठेवा, भरपूर सुकं गवत द्या. गच्चीवर न्यायचंच असेल तर ऊन चढण्याआधी, सावलीत, आणि कुंपणाला वरूनही जाळी हवी. घारीला आणि कावळ्याला जिन्याचं दार लागत नाही. डॉक्टरकडे नेताना झाकलेली पेटी वापरा आणि दवाखान्यात कुत्री बसली असतील तर आपली पाळी येईपर्यंत रिक्षात किंवा बाहेर सावलीत थांबा.

व्हिडिओ काढायचा असेल तर तो याच सतरंजीवर काढा. पाय ताणून आडवा पडलेला ससा तिथे मिळेल.