खिडकीचं पाकीट कसं उघडू नये

अमेरिकेच्या टपालखात्यात ज्यानं पंचवीस-तीस वर्षं काढली, त्याच्या बोटांत एक विद्या उतरलेली असते. पाकीट हातात आलं की न वाचताच कळतं: हे विजेचं बिल, हे लग्नाचं बोलावणं, हे कोर्टाचं, आणि हे कुपनांचं बाड, दारातून थेट कचऱ्यात जाणारं. निवृत्तीनंतर ही विद्या गंजू देऊ नका. आरोग्यविम्याचं पाकीट घरी येईल तेव्हा ती वापरा. पुढे खिडकी आहे, तिकिटाच्या जागी छापील शिक्का आहे, वजन जेमतेम. म्हणजे जाहिरात. देवळातून फुकट मिळालेलं कॅलेंडर भिंतीवर असेल, त्याच्या मागे खोचा आणि चहाचं आधण ठेवा.

एवढं घाबरण्यासारखं झालंय तरी काय? फेडरल सरकारच्या नोकरदारांची विम्याची एकच पंगत होती, एफईएचबी नावाची, १९६० पासून चालत आलेली. ६ एप्रिल २०२२ ला अध्यक्ष बायडन यांनी पोस्टाच्या सुधारणा कायद्यावर सही केली, आणि १ जानेवारी २०२५ पासून पोस्टवाल्यांची पानं उचलून वेगळी मांडली. या नव्या पंगतीचं नाव पीएसएचबी. यजमान तेच, ओपीएम, म्हणजे सरकारी नोकरदारांचा कारभार पाहणारं खातं. वाढपी, म्हणजे विमा कंपन्या, त्याही पुष्कळशा त्याच. फक्त दारावर एक पाटी लागली: यापुढे निवृत्त होणाऱ्यांनी पासष्टीला मेडिकेअरचा, म्हणजे सरकारच्या म्हातारपणच्या आरोग्यविम्याचा, पार्ट बी घेऊन यावं, नाहीतर पान मिळणार नाही.

हे कशासाठी, असा प्रश्न मात्र पडू देऊ नका, कारण त्याचं उत्तर चक्क समजतं. २००६ साली अमेरिकी काँग्रेसनं पोस्टाला फर्मावलं, की निवृत्तांच्या पुढच्या कैक वर्षांच्या औषधपाण्याचे पैसे आत्ताच बाजूला काढा. दरवर्षी साधारण साडेपाच अब्ज डॉलर, दहा वर्षं. दुसऱ्या कुठल्याही फेडरल खात्याला असा कंबरेत लाथ घालणारा हुकूम नव्हता. पोस्टानं काही वर्षं भरले, २०१२ मध्ये हात वर केले, आणि मग वर्तमानपत्रांत ‘पोस्ट बुडालं’ अशा बातम्या रतीब घातल्यासारख्या येऊ लागल्या. २०२२ च्या कायद्यानं थकलेले सुमारे ५७ अब्ज डॉलर पुसून टाकले. छानच झालं. पण वहीतून आकडा पुसला तरी दुखणारे गुडघे थोडेच पुसले जातात? त्यांचा खर्च आधी मेडिकेअरनं उचलायचा, उरलेला पोस्टाच्या विम्यानं, असं ठरलं. आणि मेडिकेअरचा महिन्याचा हप्ता भरण्याचा मान गुडघ्याच्या मालकाला मिळाला. खात्याचा ताळेबंद सुधारण्यात आपला खारीचा वाटा आहे, याचा अभिमान बाळगा.

निवड करायची असेल तर वेळही अगदी सोयीची ठेवली आहे. ओपन सीझन, म्हणजे योजना निवडायचा हंगाम, दरवर्षी नोव्हेंबरच्या मध्याला सुरू होतो आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास संपतो. म्हणजे नेमका नाताळच्या पार्सलांचा महिना. सकाळी अंधारात केससमोर, म्हणजे टपाल लावायच्या खणांसमोर, उभं राहायचं, दिवसभर एलएलव्ही, म्हणजे टपालाची गाडी, हाकायची, रात्री आठला घरी येऊन बूट काढायचे, आणि मग शंभरावर पानांचं माहितीपत्रक उघडून कलम ९ वाचायला बसायचं. मेडिकेअर आणि आपला विमा एकमेकांशी कसे वागतात, ते त्यातच असतं. या पंगतीचा पहिला ओपन सीझन उघडला ११ नोव्हेंबर २०२४ ला. त्या दिवशी व्हेटरन्स डे होता. पोस्टाला सुट्टी.

तेव्हा वाचू नका. स्विंग रूममध्ये, म्हणजे पोस्टातल्या विश्रांतीच्या खोलीत, विचारा. तिथं डबा खाता खाता तज्ज्ञ भेटतात. एक जण सांगेल, ‘काही करायचं नाही रे, आपोआप होतं.’ आणि गंमत म्हणजे तो खोटं बोलत नसतो. पहिल्या वर्षी ज्यांनी काही निवडलं नाही त्यांना खरोखरच जुन्याशी मिळत्याजुळत्या योजनेत आपोआप घातलं गेलं. ‘आपोआप’ हा शब्द कानाला किती गोड लागतो! आपला डॉक्टर त्या यादीत आहे का, रक्तदाबाची गोळी कुठल्या गटात गेली, हप्ता किती वाढला, हे मात्र आपोआप कळत नाही. ते औषधाच्या दुकानात काउंटरवर कळतं, मागे सहा माणसं रांगेत उभी असताना.

आता पार्ट बी, डॉक्टरच्या बिलांचा. हा भाग मन लावून टाळा. पार्ट ए, रुग्णालयाचा, फुकट असतो. (नोकरीभर पगारातून कापून घेतलेल्या पैशांना आपल्याकडे फुकट म्हणतात.) पार्ट बीचा हप्ता २०२५ मध्ये महिन्याला १८५ डॉलर होता, २०२६ मध्ये २०२.९० झाला. हा माणशी. नवरा-बायकोचे चारशेच्या वर जातात, आणि तेही पीएसएचबीचा हप्ता आहे तसा ठेवून. मिळकत जरा बरी असेल तर आणखी जास्त. नोकरी सुटल्यावर घ्यायला उशीर केलात, तर पूर्ण बारा महिन्यांमागे दहा टक्के दंड. हा दंड एकदा भरून सुटायचा नाही. पार्ट बी आहे तोवर तो सोबतीला.

सक्ती कोणाला नाही, हे विचाराल तर डोकं आणखी फिरेल. १ जानेवारी २०२५ ला किंवा त्याआधी जे निवृत्त झाले आणि ज्यांच्याकडे पार्ट बी नव्हता, ते सुटले. त्या दिवशी जे नोकरीत होते आणि वयाची ६४ पूर्ण होती, तेही सुटले. माजी सैनिकांच्या खात्याच्या आरोग्यसेवेत नाव असलेले सुटले. इंडियन हेल्थ सर्व्हिसचा लाभ मिळणारेही सुटले. हे शेवटचं वाचून आमच्यातल्या एकानं हर्षभरानं फोन केला, ‘अरे, इंडियन लोकांना माफ केलंय!’ ती सेवा इथल्या मूळ जमातींसाठी आहे, हे त्याला सांगताना माझ्या जिवावर आलं. कोलंबसाची चूक पाचशे वर्षांनी एका सातारकराला अशी भोवली.

आणि ज्यानं पासष्टीला शहाण्यासारखा, कोणी न सांगता, पार्ट बी घेतला होता त्याचं काय? त्याला आता तो सोडता येत नाही. सोडला की पीएसएचबीवरही पाणी. ज्यानं टंगळमंगळ केली तो मोकळा, ज्यानं वेळेवर काम केलं तो अडकला. तीस वर्षं पोस्टात राहून ज्याला हे आश्चर्य वाटेल, त्यानं तीस वर्षं नक्की काय केलं?

औषधांचं प्रकरण त्याहून सोपं बिघडवता येतं. मेडिकेअर असलेल्या निवृत्तांना त्यांच्या पीएसएचबी योजनेतूनच पार्ट डी, म्हणजे मेडिकेअरचा औषधांचा भाग, मिळतो, तोही आपोआप. ‘मी मागितलाच नव्हता!’ असं म्हणून बाणेदारपणे नकार कळवा. नकार लगेच मान्य होतो. पार्ट डी जातो आणि त्याबरोबर तुमच्या विम्यातलं औषधांचं संरक्षणही जातं. हप्ता कमी होत नाही, त्यामुळे हिशेब नव्यानं करायची कटकट नाही. एवढा बाणेदारपणा अंगात नसेल तर ऑक्टोबरात टीव्ही लावून बसा. मेडिकेअरच्या जाहिरातींत एक हसरे आजोबा फोन फिरवायला सांगतात. फिरवा. त्यांच्याकडून बाहेरचा पार्ट डी घेतलात तरी परिणाम तोच, वर फोनवरची मुलगी तुम्हाला ‘डिअर’ म्हणते.

आपल्या मंडळींसाठी एक खास वाट ठेवलेली आहे. अमेरिकेबाहेर राहणाऱ्या निवृत्तांना पार्ट बीची सक्ती नाही. ते न्याय्यच आहे, कारण मेडिकेअर साधारणपणे देशाबाहेरचं बिल देत नाही. मिरजेत दवाखान्यांना तोटा नसला तरी तिथं ते कार्ड दाखवून कोणी नाडीसुद्धा बघणार नाही. पण आपण मिरजेत राहतो कुठं? आपण थंडीत मिरजेत, उन्हाळ्यात न्यू जर्सीतल्या एडिसनला, आणि नातवाच्या बारशाला टेक्सासात. पत्ताबदलाचा ३५७५ नंबरचा फॉर्म आयुष्यभर लोकांच्या हातात ठेवला. आता सरकार विचारतं, ‘आपण नक्की कुठं राहता?’ आणि उत्तरादाखल कागद मागतं. इथं भावनेनं उत्तर द्या. ‘शरीर इथं, मन तिथं’ असं लिहून पाठवा.

माझं स्वतःचं उदाहरण द्यायला हरकत नाही, कारण या लेखातली सगळी पथ्यं मी पाळलेली आहेत. मी २०१९ ला निवृत्त झालो, २०२१ ला पासष्टी गाठली. पार्ट बी घेतला नाही. विमा चांगला होता, वर दर महिन्याला कशाला भरायचे? २०२४ च्या वसंतात एक पाकीट आलं. बायको म्हणाली, “अहो, हे तुमच्या नावचं आहे. उघडा तरी.” मी ते हातात घेतलं, अंगठ्यानं खिडकी चाचपली, उजेडात धरलं आणि निकाल दिला, “जाहिरात.” सत्तावीस वर्षांचा अनुभव होता तो. ती म्हणाली, “सरकारी दिसतंय.” मी म्हटलं, “जाहिरातवाले मुद्दाम तसं छापतात.” आणि कॅलेंडरच्या मागे खोचलं.

३१ डिसेंबरला नवं कॅलेंडर लावायला जुनं काढलं तेव्हा पाकीट खाली पडलं. मुगाची डाळ निवडत ती बघत होती, म्हणून उघडावं लागलं. आत लिहिलं होतं, की १ एप्रिल ते ३० सप्टेंबर २०२४ या सहा महिन्यांत पार्ट बी घेतलात तर उशिराचा दंड तुम्हाला पडणार नाही, तो टपालखातं भरेल. ज्या खात्यानं मला कधी एक जादा रबरबँड दिला नाही, ते माझा दंड भरायला निघालं होतं. मी दोनदा वाचलं. तिनं एकदाच वाचलं आणि पुन्हा डाळीकडे वळली. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली की माणसं बोलून वेळ घालवत नाहीत.

मला सक्ती नव्हती, आजही नाही. विमा चालू आहे. मात्र पुष्कळ योजना पार्ट ए आणि बी दोन्ही असणाऱ्यांना डॉक्टरकडचा आणि रुग्णालयातला आपला वाटा माफ करतात, ही माहिती मला उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मिळाली. बिलाबरोबर. तेव्हा मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चार पूर्ण वर्षांचा उशीर, म्हणजे चाळीस टक्के. २०२६ च्या दरानं महिन्याला सुमारे २८४ डॉलर, जन्मभर. जन्म किती उरलाय हे माहीत असतं तर गणित लगेच सुटलं असतं. डाव्या गुडघ्याचं मत अजून यायचं आहे.

परवा दाराशी बसलो होतो. आमच्या गल्लीवर नवा पोरगा लागलाय, अमृतसरकडचा. चालण्यात घाई, खांद्यावर सॅचेल, अजून कंबर शाबूत. डब्यात टाकण्याऐवजी त्यानं टपाल माझ्या हातात दिलं. सगळ्यात वर खिडकीचं एक पाकीट होतं.

“अंकल, ये तो रद्दी है,” तो म्हणाला. “फेंक दूं?”

मी विचारलं, “कैसे पहचाना?”

त्यानं अंगठ्यानं खिडकी चाचपून दाखवली.